सोळा हजार पॅगोडांचे वजन

प्रश्न विचारणारे इतिहासाचे शिक्षक आहेत. शिवकाळातले इंग्रजी कागद ते मुळातून वाचू लागले आहेत आणि चार ठिकाणी अडले आहेत. राज्याभिषेकाच्या आधी झालेल्या तुलेबद्दल इंग्रजांचा वकील हेन्‍री ऑक्झिंडेन लिहितो की राजाला सोन्याने तोलले आणि तो 'पॉइझ्ड अबाउट १६,००० पॅगोडाज'. कोशात पॉइझ्ड म्हणजे 'सज्ज, संयत' आणि पॅगोडा म्हणजे बौद्ध देऊळ. मग वाक्य लावायचे कसे? दुसरी अडचण, सुरतेच्या इंग्रज पाद्र्याने महाराजांना 'मीन स्टेचर'चे म्हटले आहे, ही निंदा आहे का? तिसरी, 'फॅक्टरी'ला कारखाना म्हणावे का? चौथी, एका जुन्या प्रवासवर्णनात आजाराचे नाव 'मॉर्ट-द-शियाँ' असे आहे आणि ते त्यांच्याजवळच्या कोणत्याच इंग्रजी कोशात नाही. शेवटी त्यांनी विचारले आहे की अशा शब्दांची यादी पाठ करावी का, आणि कोश कोणता घ्यावा.

गेली तीसेक वर्षे मी ईस्ट इंडिया कंपनीचे सतराव्या शतकातले कागद मराठीत आणते आहे. त्या कामातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे. जो शब्द मुळीच ओळखीचा नसतो त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही, कारण तिथे आपण आपोआप थांबतो आणि कोश उघडतो. घात करतो तो रोजच्या वापरातला शब्द. तो दिसायला तोच असतो, आजचा अर्थ घातला तरी वाक्य कसेबसे उभे राहते, आणि आपण पुढे निघून जातो. तुम्ही अडलात ही चांगली खूण आहे. तुमच्या चारपैकी तीन शब्द याच जातीचे आहेत.

पहिला शब्द 'पॉइझ'. सतराव्या शतकात हे क्रियापद 'वजन करणे' आणि 'वजन भरणे' या अर्थाने सर्रास चालत होते. फ्रेंचमधून आलेला हा शब्द मुळात वजनाचाच. पौंड-औंसांच्या जुन्या मापपद्धतीला 'ॲव्हरडुपॉइझ' म्हणत, त्यातला 'पॉइझ' हाच. पुढे वजनावरून समतोल, समतोलावरून मनाचा संयम असा अर्थ सरकत गेला आणि मूळचे वजन मागे पडले. मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये. आपला 'तोल' असाच चालत आला आहे. धान्य तोलतात, बांधावरून जाताना तोल सांभाळतात, आणि भांडणात माणसाचा तोल जातो. तिन्ही ठिकाणी शब्द एकच. फरक इतकाच की मराठीने तराजू सोडला नाही आणि इंग्रजीने सोडला. म्हणून 'पॉइझ्ड' इथे 'भरला': राजाचे वजन इतके भरले.

'पॅगोडा'चे त्या काळी तीन अर्थ चालत: हिंदू देऊळ, देवाची मूर्ती आणि दक्षिणेतले सोन्याचे नाणे. कंपनीच्या हिशेबात पॅगोडा आला आणि शेजारी आकडा असला की तो बहुधा नाणेच असतो, म्हणजे आपला होन. तेव्हा वाक्य होते: सोन्याच्या तुलेत राजाचे वजन सुमारे १६,००० होन भरले. अर्थ लावून झाला की तो तपासूनही पाहावा. होनाचे वजन तीन ते साडेतीन ग्रॅम धरले तर १६,००० होन साधारण ४८ ते ५६ किलो होतात. सडपातळ, चपळ माणसाच्या वजनाशी हे जुळते. शब्दाचा अर्थ असा बाहेरच्या गोष्टीवर घासून बघता आला तर ती संधी मी कधीच सोडत नाही. आकडा, भाव, अंतर, गलबतात मावणारा माल, यांतले काहीही हाताशी असले तर ते कोशापेक्षा भरवशाचे ठरते.

आता 'मीन'. याच्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण या शब्दावरून आपल्याकडे माणसे रागावलेली मी पाहिली आहेत. जानेवारी १६६४ मध्ये महाराजांनी सुरत लुटली. तिथल्या इंग्रज वखारीचा धर्मगुरू जॉन एस्कॅलियट याने त्याच महिन्यात इंग्लंडमधल्या नॉरिच गावी वैद्य आणि लेखक सर टॉमस ब्राउन यांना लांबलचक पत्र लिहिले. त्यात महाराजांचे वर्णन आहे. ते त्याने स्वतः पाहून केलेले नाही, ज्यांनी पाहिले त्यांच्या तोंडचे म्हणून दिले आहे. उंची 'मीन', माझ्यापेक्षा थोडी कमी; शरीर ताठ आणि उत्तम बांध्याचे; कसरतीत चपळ; बोलताना हसल्यासारखा चेहरा; डोळे 'क्विक' आणि भेदक; वर्ण आपल्या लोकांत उजळ.

इंग्रजीत 'मीन' हे दिसायला एक असले तरी दोन वेगवेगळे शब्द आहेत. एक जुन्या इंग्रजीतला, 'सामाईक, सर्वसाधारण' या अर्थाचा. तो घसरत घसरत 'हलका, नीच, क्षुद्र' इथपर्यंत आला. दुसरा लॅटिनमधून फ्रेंचवाटे आलेला, त्याचा अर्थ 'मधला'. गणिताच्या पुस्तकात सरासरीला मीन म्हणतात तो हा दुसरा, आणि 'मीनटाइम' म्हणजे दोन घटनांच्या मधला वेळ, तोही हाच. 'मीन स्टेचर' म्हणजे मध्यम उंची. हे मला आवडले म्हणून मी म्हणत नाही, वाक्यच तसे सांगते. लगेच पुढे 'माझ्यापेक्षा थोडी कमी' असे मोजमाप आले आहे आणि त्याच्या पाठोपाठ बांध्याची स्तुती. क्षुद्रपणाचा अर्थ घेतला तर शेजारचे शब्द त्याच्याशी भांडू लागतात. जुना शब्द अडला की मी आधी हेच पाहते. शेजारी त्याला नांदू देतात का?

त्याच वर्णनातला 'क्विक' म्हणजे नुसता जलद नव्हे. त्याचा जुना अर्थ 'जिवंत'. ख्रिस्ती प्रार्थनेत 'द क्विक अँड द डेड' म्हणजे जिवंत आणि मेलेले. पाऱ्याला 'क्विकसिल्व्हर' म्हणतात, कारण ती पळणारी, जिवंत चांदी. 'क्विकलाइम' म्हणजे आपला कळीचा चुना, पाणी पडताच उसळणारा. मी तिथे 'तेजस्वी व भेदक डोळे' असे लिहिले. 'चंचल' लिहिले असते तर मराठीत त्याला उगीच अस्थिरपणाचा वास आला असता.

पण याच पत्रात पुढे महाराजांना 'सीक्रेट', 'सटल', क्रूर आणि दगलबाज अशीही विशेषणे आहेत. 'सीक्रेट' माणसाला लावले की मनातले बाहेर न काढणारा, आतल्या गाठीचा. 'सटल' म्हणजे कावेबाज. त्याचा आजचा 'सूक्ष्म, तरल' हा सुखद अर्थ इथे घालणे म्हणजे लबाडी होईल. जो भाषांतरकार 'मीन'चा खरा अर्थ देऊन निंदा टाळतो, त्याने 'सटल'चा खरा अर्थ देऊन निंदा स्वीकारली पाहिजे. लिहिणारा लुटलेल्या शहरातल्या वखारीत बसून लिहीत होता, हे वाचकाला कळू द्यावे. काही जुन्या भाषांतरांत अशी वाक्ये गाळलेली किंवा मऊ केलेली आढळतात. मला ते पटत नाही. महाराजांचे मोठेपण अशा गाळण्यावर अवलंबून नाही, आणि गाळलेले पुढे कुणाला सापडले की बरोबर असलेल्या भागावरचाही विश्वास उडतो.

'फॅक्टरी'चे उत्तर सोपे आहे. कारखाना म्हणू नका, वखार म्हणा. 'फॅक्टर' म्हणजे मालकाच्या वतीने व्यवहार करणारा, आपला गुमास्ता. असे फॅक्टर जिथे राहत, माल साठवत आणि हिशेब ठेवत ती जागा फॅक्टरी. तिथे यंत्र नव्हते आणि माल बनवणे हे तिचे मुख्य कामही नव्हते. १६१३ मध्ये सुरतेत इंग्रजांची जी स्थापना झाली ती वखार. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांविषयीच्या, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांविषयीच्या, प्रकरणात वखारीचा विषय येतोच, म्हणजे त्या काळचा मराठी शब्द आपल्याकडे तयार आहे. तो सोडून नवा घडवण्याची गरज नाही.

फॅक्टरच्या खालची पायरी 'राइटर'. हा लेखक नव्हे, कारकून. कोलकात्याची 'राइटर्स बिल्डिंग' या कारकुनांसाठी बांधलेली, तिथे कादंबऱ्या लिहिल्या जात नव्हत्या. आणि सगळ्यांच्या वरचा 'ॲडव्हेंचरर' हा साहसी प्रवासी नव्हे, तो लंडनमध्येच बसलेला असतो. व्यापारात पैसे घालून जोखीम घेणारा, म्हणजे भागीदार. ३१ डिसेंबर १६०० रोजी राणी एलिझाबेथने कंपनीला सनद दिली तेव्हा ज्यांनी पैसे ओतले ते हे ॲडव्हेंचरर. एका जुन्या मराठी लेखात 'कंपनीचे साहसी वीर' असे वाचल्याचे मला आठवते. लेखकाचा दोष नाही, शब्दाने फसवले.

लढाईच्या वर्णनात 'फाइव्ह हंड्रेड हॉर्स' आले तर पाचशे घोडेस्वार, आणि 'फूट' म्हणजे पायदळ. हॉर्सला अनेकवचनाचा प्रत्यय नसतो म्हणून छपाईची चूक समजू नका. आपल्या बखरींतही 'दहा हजार घोडा' असेच येते, 'घोडे' नाही. 'पीस' म्हणजे तोफ, आणि 'बॉल' म्हणजे तोफेचा गोळा. हा शेवटचा शब्द महत्त्वाचा आहे. १६६० मध्ये सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला वेढा पडला असताना राजापूरच्या वखारीचा प्रमुख हेन्‍री रेव्हिंग्टन तोफ आणि 'ग्रनेडो' घेऊन सिद्दीच्या मदतीला गेला. ग्रनेडो म्हणजे आज हाताने फेकतात तो बाँब नव्हे, उखळी तोफेतून उडवायचा फुटणारा गोळा. पुढच्या वर्षी महाराजांनी राजापूरची वखार लुटून इंग्रजांना कैदेत टाकले. त्या प्रकरणाच्या पत्रव्यवहारात इंग्रजी निशाण लावून 'टॉसिंग बॉल्स' केल्याचा शब्दप्रयोग येतो. आजच्या कानाला तो चेंडूफेकीसारखा लागतो. प्रत्यक्षात सगळ्या भांडणाचे मूळ त्या दोन शब्दांत आहे.

व्यापारी याद्यांतही असेच होते, पण तिथे मराठी बऱ्याचदा मदतीला येते. 'ब्रॉडक्लॉथ' म्हणजे बनात, जाड लोकरी कापड. 'स्टफ' म्हणजे सामान नव्हे, कापड. कापडाला 'क्यूरिअस' म्हटले असेल तर विचित्र नव्हे, बारीक कलाकुसरीचे. 'एलिफंट्स टीथ' वाचून हत्तीची दाढ डोळ्यांपुढे आणू नका. शब्दशः मराठीत आणा, हस्तिदंत, संपले. 'कॉर्न' म्हणजे मका नव्हे, कोणतेही धान्य. हा शेवटचा अर्थ फार काळ टिकला. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची आणि दुसरी १८५७ ची. त्यातले इंग्रजीही आता जुने झाले आहे. जुना मराठी शब्द शोधायला आपण मोल्सवर्थकडे जातो आणि त्याचे इंग्रजी आजच्या कानांनी वाचतो, तेव्हा तिथेही हीच सावधगिरी हवी.

आता ज्या शब्दांवर कुणी अडतच नाही त्यांच्याकडे येते. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, माझ्याही झाल्या. सुरुवातीच्या काळात एका पत्रात जहाज 'प्रेझेंटली' निघेल असे वाक्य होते. मी 'सध्या निघत आहे' असे लिहिले आणि ते छापूनही आले. एका वयोवृद्ध संशोधकांनी पोस्टकार्ड पाठवून कळवले की त्या काळी 'प्रेझेंटली' म्हणजे 'ताबडतोब'. पुढे इंग्रजांच्या दिरंगाईमुळे तो 'थोड्या वेळाने' झाला आणि आणखी पुढे 'सध्या'. माझ्या एका शब्दामुळे हुकमाची निकड नाहीशी झाली होती आणि पुढचे पत्र, ज्यात उशीर झाला म्हणून वरिष्ठ संतापले आहेत, ते वाचकाला निष्कारण वाटत होते. ते पोस्टकार्ड मी अजून जपून ठेवले आहे.

'डाउट' हा तसाच. आज 'आय डाउट ही विल कम' म्हणजे तो येईल असे मला वाटत नाही. सतराव्या शतकात त्याच वाक्याचा अर्थ नेमका उलटा निघू शकतो: तो येईल अशी मला भीती आहे. वखारीतल्या पत्रात 'वुई डाउट सेवाजी विल...' अशा धाटणीचे काही दिसले तर फार सांभाळून पुढे जा. मराठीत 'तो येतो की काय, अशी शंका आहे' म्हणतो, तो सूर पकडला की अर्थ लागतो.

'वाँट' म्हणजे इच्छा नव्हे, उणीव. 'फॉर वाँट ऑफ मनी' म्हणजे पैसा नसल्यामुळे. 'प्रिटेंड' म्हणजे सोंग करणे नव्हे, दावा सांगणे, आणि तो दावा खराही असू शकतो. वसुलीच्या तंट्यात कुणी एखादी रक्कम 'प्रिटेंड' करतो असे आले की आपण त्याला नकळत खोटारडा ठरवतो. तसे करू नये. 'डिस्कव्हर' म्हणजे उघड करणे. कुणी मनसुबा डिस्कव्हर केला म्हणजे शोधून काढला असे नव्हे, बोलून टाकला. यात फितूर कोण हेच बदलते! 'इंटेलिजन्स' आणि 'ॲडव्हाइस' दोन्ही म्हणजे बातमी. राजापूरहून 'ॲडव्हाइस' आला तर तिथल्या लोकांनी सल्ला दिलेला नसतो, खबर पाठवलेली असते. 'डायव्हर्स' म्हणजे अनेक, निरनिराळे.

'लेट' या शब्दाचा जुना अर्थ तर आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात पडून आहे. भारतीय पासपोर्टात राष्ट्रपतींच्या नावाने विनंती असते की धारकाला 'विदाउट लेट ऑर हिंडरन्स' जाऊ द्यावे. तिथला 'लेट' म्हणजे 'देणे' नव्हे, अगदी विरुद्ध: अडथळा. टेनिसमध्ये सर्व्हिसचा चेंडू जाळीला घासून पडला की पंच 'लेट' म्हणतात, तोही हाच अडथळा असे कोशकार सांगतात. जुन्या इंग्रजीत हे दोन निराळे शब्द होते, उच्चार झिजत झिजत एक झाले, आणि एका तोंडात 'जाऊ दे' व 'अडव' हे दोन्ही अर्थ राहणे कठीण म्हणून एक जवळजवळ मेला. कायद्याच्या आणि सरकारी भाषेत मेलेले शब्द असे बराच काळ टिकून राहतात. आपल्याकडे सातबाऱ्यावर आणि जुन्या खरेदीखतांत फारसी शब्द टिकले, तसेच.

मूळ हस्तलिखितांची किंवा जशीच्या तशी छापलेली प्रत वाचणार असाल तर लिपीकडेही लक्ष द्या. 'द' या उपपदाच्या जागी 'वाय-ई' दिसेल. तो 'यी' नव्हे. जुन्या इंग्रजीत 'थ' या ध्वनीसाठी एक वेगळे अक्षर होते, त्याचे वळण पुढे वायसारखे झाले. उच्चार कायम 'द'च होता. 'यू' आणि 'व्ही' अदलाबदलीने येतात. शब्दाच्या आरंभी दोन 'एफ' दिसले तर ते एका मोठ्या 'एफ'चे काम करतात. नावांचे तर विचारू नका. महाराजांचे नाव सेवाजी, सेवागी, सावाजी असे अनेक तऱ्हांनी येते. रायरी म्हणजे रायगड हे चटकन कळते, पण ऑक्झिंडेन ज्या 'पुंचारा' गावी थांबला ते पायथ्याचे पाचाड, हे मोठ्याने वाचल्याशिवाय लक्षात येत नाही. नावे नेहमी मोठ्याने वाचा. लिहिणाऱ्याने ती कानाने टिपलेली आहेत.

तारखांचाही एक सापळा सांगून ठेवते. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत जुनी ज्युलियन दिनगणना चालू होती आणि त्याआधी त्यांचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून सुरतेच्या लुटीनंतरच्या पत्रावर जानेवारी १६६३ किंवा १६६३/४ असे वर्ष दिसते. ते एक वर्ष आधीचे नाही. चैत्रात वर्ष सुरू करणाऱ्या आपल्याला यात नवल वाटू नये. शके बदलायच्या आधी पौष-माघ येतात, तसाच त्यांचा जानेवारी वर्षअखेरीला येई. शिवाय सतराव्या शतकात ज्युलियन तारीख आजच्या पद्धतीपेक्षा दहा दिवस मागे आहे. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख ज्युलियन आहे, आजच्या गणनेने १६ जून. तिथी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, ती मात्र दोन्हीकडे तीच.

कोशांबद्दल. खिशातला किंवा मोबाइलवरचा आजचा कोश या कामाला पुरत नाही, कारण तो आज काय चालते तेवढेच सांगतो. पहिला आधार ऑक्सफर्डचा मोठा ऐतिहासिक कोश. त्याची कल्पना १८५७ मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत मांडली गेली, पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि काम पुरे झाले १९२८ मध्ये. बराच काळ संपादक असलेले जेम्स मरी तो पुरा झालेला पाहू शकले नाहीत. या कोशाचे वैशिष्ट्य असे की प्रत्येक अर्थाखाली सालासकट वापरलेली वाक्ये दिलेली असतात. म्हणून अर्थ शोधताना आधी अर्थाकडे बघू नका, सालाकडे बघा. तुमचे पत्र १६७४ चे असेल तर १७९० नंतरचा अर्थ बाजूला ठेवा, कितीही छान बसत असला तरी. हा कोश विकत घेणे महाग पडते. विद्यापीठाच्या ग्रंथालयात तो पाहावा.

सॅम्युएल जॉन्सनचा १७५५ चा कोश फुकट वाचायला मिळतो आणि मला तो प्रिय आहे, पण तो शिवकाळानंतर सुमारे पंचाहत्तर वर्षांनी आला. त्याहून जवळचा टॉमस ब्लाउंटचा १६५६ चा 'ग्लॉसोग्राफिया'. त्यात तेव्हाच्या इंग्रजांनाच अवघड वाटणारे शब्द आहेत, म्हणजे 'मीन'सारखे साधे शब्द तिथे शोधू नयेत. हिंदुस्थानात राहून इंग्रजीत शिरलेल्या शब्दांसाठी हेन्‍री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा १८८६ चा 'हॉब्सन-जॉब्सन' हवाच. पॅगोडाचे तिन्ही अर्थ तिथे पुराव्यांसह मिळतील. एक सावधगिरी मात्र घ्या. विल्यम फॉस्टर यांची 'इंग्लिश फॅक्टरीज इन इंडिया' ही खंडमाला फार उपयोगी आहे, पण त्यांनी बरीचशी पत्रे सारांशाने दिली आहेत. सारांशातला शब्द फॉस्टरचा, म्हणजे विसाव्या शतकातला असू शकतो. त्याला सतराव्या शतकाचा अर्थ लावत बसू नका. शब्दावर काही ठरवायचे असेल तर १९३१ मध्ये पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने छापलेला 'इंग्लिश रेकॉर्ड्स ऑन शिवाजी' हा संग्रह उघडा.

यादी पाठ करावी का? तयार यादी पाठ करू नये असे माझे मत आहे. वही करा. शब्द, पत्राची तारीख, पूर्ण वाक्य, आणि तुम्हाला पटलेला अर्थ. पूर्ण वाक्य लिहिण्याचा कंटाळा करू नका. एकच 'डाउट' एकाच माणसाच्या दोन पत्रांत दोन अर्थांनी आलेला मी पाहिला आहे, आणि वहीत नुसता शब्द व अर्थ असता तर मी दुसऱ्या ठिकाणी चुकले असते. शंभरेक पाने वाचून झाली की कोणता फॅक्टर कसा लिहितो हे तुमच्या कानात बसेल, आणि मग कोश उघडण्याआधीच कुठे थांबायचे ते कळू लागेल.

राहिला तुमचा चौथा शब्द. 'मॉर्ट-द-शियाँ' फ्रेंच म्हणून वाचला तर 'कुत्र्याचे मरण'. युरोपीय प्रवाशांनी तो पटकीसारख्या जीवघेण्या आजारासाठी वापरला आणि काहींनी खरोखरच कुत्र्याच्या मौतीचा अर्थ लावला. पण शब्द फ्रेंच नाही. त्याआधी पोर्तुगिजांकडे तो 'मोर्देशी' असा होता. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात वैद्य गार्सिया द ओर्ता याने या रोगाचे इथले नाव दिले आहे आणि आपल्या लोकांनी त्याचा अपभ्रंश केल्याचेही नोंदवले आहे. हॉब्सन-जॉब्सनने माग काढत तो कोकणी-मराठीपर्यंत आणला. हा आपला 'मोडशी'. पावसाळ्यात पोट बिघडले की कोकणात अजून म्हणतात ती मोडशी. त्या कोशाच्या मते मुळाशी 'मोडणे' हे क्रियापद आहे, माणूस मोडून पडतो तो आजार. तेव्हा भाषांतरात इंग्रजी नावाचा अर्थ देत बसू नका. 'मोडशी' लिहा, आणि आज तिचा अर्थ सौम्य झाला असला तरी तेव्हा ती पटकी होती, एवढी तळटीप द्या.